समोरच्या काठावरून आलेलं पाणी

विमानतळावरून निघून पाच-सात मिनिटं झाली असतील. डांबरी रस्त्याच्या एका कडेला लांबच लांब कणसं अंथरलेली दिसली, लाल-तपकिरी दाण्यांनी गच्च भरलेली. गाडी चालवणाऱ्या शुशुंनी ती चुकवली तर नाहीतच, उलट चाकं सरळ त्यांच्यावरून घातली. "अहो, धान्य आहे ते!" मी मागून ओरडलेच. ते म्हणाले, "म्हणूनच तर. गाड्या जातील तसे दाणे सुटतात. मी इथे शिपाई होतो तेव्हा लष्कराचे ट्रक जायचे."

ज्वारी होती ती. मी लातूरची, ज्वारीचं कणीस मला कुणी ओळखून द्यायला नको. आमच्याकडेही सुगीत सोयाबीन नि तूर अशीच रस्त्यावर पसरतात आणि येणारी-जाणारी वाहनं मळणी करून देतात. घर सोडून मला सहा वर्षं झाली. चीनच्या तोफांमुळे जगाला नाव कळलेल्या बेटावर उतरावं आणि पहिली गाठ ज्वारीशीच पडावी, याने मला अगदी भरून आलं.

बेटाचं नाव किनमेन. राज्य तैवानचं, पण नकाशात पाहिलं तर चीनच्या फुज्यान प्रांताच्या अगदी कुशीत बसलेलं. तैवानचं मुख्य बेट इथून दोनशे किलोमीटरच्या आसपास. चीनचं श्यामेन शहर मात्र दहा किलोमीटरच्या आत, आणि ईशान्येच्या टोकाला तर मधला समुद्र दोनच किलोमीटरांचा. अख्खं बेट सुमारे दीडशे चौरस किलोमीटर. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यात सहज मावेल एवढं.

मी तैवानमधल्या शिंचू शहरात चिपच्या उद्योगात नोकरी करते. सोबत माझ्या विभागातली मैत्रीण होती आणि तिचे वडील. मी त्यांना शुशु म्हणते, म्हणजे आपले काका. शुशुंनी १९७८ ते १९८० ही दोन वर्षं सक्तीच्या लष्करी सेवेत इथेच काढली. तेव्हा कुणाला कुठे पाठवायचं हे चिठ्ठ्या काढून ठरायचं. किनमेन किंवा मात्सू या बेटांची चिठ्ठी आली की पोरं म्हणायची, 'सोन्याचा घोडा लागला!' दोन्ही बेटांच्या नावातली पहिली अक्षरं जोडली की सोन्याचा घोडा असा अर्थ होतो, आणि त्याच नावाचं सिनेमाचं मोठं पारितोषिकही आहे. शुशुंना घोडा लागला त्या दिवशी त्यांची आई जेवली नव्हती.

आम्ही गेलो तो २०२४चा नोव्हेंबर. महिन्याभरापूर्वीच, १४ ऑक्टोबरला, चीनने तैवानभोवती मोठा लष्करी सराव केला होता. त्याआधी मे महिन्यात लाय छिंग-ते यांनी तैवानच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, त्याला तीन दिवस होतात न होतात तोच झालेल्या सरावात तर किनमेनचं नाव घेऊन सांगितलं होतं. लातूरला फोन केला तेव्हा आई म्हणाली, "सगळं सोडून तिकडेच कशाला जातेस गं?" तिला नीट उत्तर देता आलं नाही. ज्या देशात मी राहते, ज्याच्यावर रोज 'युद्ध होणार का' म्हणून लेख येतात, त्या देशाचं अगदी उंबऱ्यावरचं गाव मला पाहायचं होतं.

पहिल्या दिवशी शुशु आम्हाला माशानला घेऊन गेले. बेटाचं हे ईशान्य टोक. खडक पोखरून केलेल्या भुयारातून वाकत वाकत जायचं, आणि शेवटी सिमेंटच्या आडव्या फटीपाशी दुर्बिणी लावलेल्या आहेत. डोळा लावला आणि मी दचकले. समोर होडी होती, होडीत जाळं ओढणारा माणूस होता, त्याच्या टोपीचा रंगसुद्धा कळत होता. तो चीनमध्ये होता. डाव्या हाताला दादेंग नावाचं बेट, त्याच्यावर क्रेनच क्रेन. तिथे श्यामेनचा नवा विमानतळ बांधत होते. "तिथूनच तोफा चालायच्या," शुशु म्हणाले.

याच माशानची एक गोष्ट आहे. १६ मे १९७९ला रात्री इथल्या तुकडीचा कॅप्टन समुद्रात उतरला आणि पोहत पलीकडे गेला. तैवानच्या लष्कराने ज्याला आदर्श तरुण अधिकारी म्हणून मिरवलं होतं, तोच हा. पलीकडे जाऊन त्याने नाव बदललं, पेकिंग विद्यापीठात शिकला, शिकागोत अर्थशास्त्राची डॉक्टरेट केली. हेच लिन यिफू. २००८मध्ये ते जागतिक बँकेचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ झाले. चीनने शेती कशी सैल केली, सरकारी कारखाने एका झटक्यात न विकता बाजार हळूहळू कसा आणला, हे जगाला समजावून सांगणाऱ्या मोठ्या नावांपैकी ते एक. त्यांनी उडी टाकली ती नेमकी केव्हा, हे पाहण्यासारखं आहे. डिसेंबर १९७८मध्ये चीनचे नेते डेंग शियाओपिंग यांनी पक्षाची गाडी वर्गसंघर्षाच्या रुळावरून आर्थिक विकासाच्या रुळावर आणली. १ जानेवारी १९७९ला अमेरिकेने बीजिंगशी राजनैतिक संबंध जोडले आणि तैपेईशी, म्हणजे तैवानशी, तोडले. त्यानंतर साडेचार महिन्यांनी एका सव्वीस वर्षांच्या माणसाने भविष्य कुठल्या काठावर आहे ते स्वतःपुरतं ठरवून टाकलं. मागे बायको होती, मुलगा होता. तैवानमध्ये त्यांच्यावरचं अटकेचं वॉरंट अजून उठलेलं नाही. २००२मध्ये वडील गेले, तेव्हाही त्यांना येता आलं नाही.

शुशु त्या मे महिन्यात याच बेटावर होते. फटीतून बराच वेळ पाहत राहिले. मग एवढंच म्हणाले, "पाणी थंड असतं. मे महिन्यातसुद्धा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला सुरी घ्यायची होती. किनमेनची सुरी तैवानभर प्रसिद्ध आहे, आणि ती चीनच्या तोफगोळ्यांपासून करतात. कारखान्याच्या अंगणात गंजलेल्या गोळ्यांचा ढीग पडला होता, आपल्याकडे भंगाराच्या दुकानात पाइप पडलेले असतात तसा. कारागिराने विचारलं, भाजीसाठी हवी की मांसासाठी. मी भाजीसाठी म्हटल्यावर त्याने ढिगातलाच एक गोळा पुढे ओढला, गॅसच्या ज्योतीने त्याचा वीतभर तुकडा कापला आणि भट्टीत सरकवला. तुकडा नारिंगी झाला, मग पिवळा. यांत्रिक घणाखाली धरल्यावर तीन-चार ठोक्यांत गोळ्याची गोलाई गेली. मग परत भट्टी, परत घण, मग पाण्यात बुडवताना चर्रर्र असा आवाज, आणि शेवटी सहाणेच्या चाकावर ठिणग्या. अर्ध्या तासाच्या आत माझ्या हातात कोमट सुरी होती. पात्याच्या मागच्या बाजूला गोळ्याचा काळा खरबरीत पापुद्रा थोडा तसाच ठेवला होता. एका गोळ्यातून चाळीस ते साठ सुऱ्या होतात म्हणे. सगळ्यात चांगलं पोलाद पत्रकांच्या गोळ्यांचं. हे गोळे हवेत उघडायचे आणि त्यातून प्रचाराचे कागद पडायचे. त्यामुळे कवच फुटून चिंधड्या व्हायचं नाही, जाड पोलाद अखंड मिळायचं.

हे पोलाद आलं कुठून, ते सांगायलाच हवं. १९५८चा ऑगस्ट. माओ बेइदाइहे या समुद्रकाठच्या गावी पक्षाच्या वरिष्ठांची बैठक घेत होते. गावोगावच्या शेतकऱ्यांना लोक-कम्यूनमध्ये, म्हणजे सामायिक शेतीच्या मोठ्या गटांत, आणायचा ठराव याच बैठकीत झाला. त्या वर्षी पोलाद दुप्पट करायचं, १ कोटी ७ लाख टनांवर न्यायचं, हेही तिथेच ठरलं. आणि ती बैठक चालू असतानाच, २३ ऑगस्टला संध्याकाळी, किनमेनवर तोफा सुरू झाल्या. पहिल्याच संध्याकाळी पन्नास हजारांवर गोळे पडले, तैवानचे तीन उपसेनापती मेले. चव्वेचाळीस दिवसांत सुमारे ४ लाख ७० हजार गोळे, दीडशे चौरस किलोमीटरच्या बेटावर. बाहेर ताण असला की घरातली माणसं कामाला जुंपता येतात, हे माओंनी तेव्हा बोलूनही दाखवलं होतं. तिकडे चीनच्या खेड्यांत परसदारी मातीच्या भट्ट्या पेटल्या. लोकांनी कढया, कुलपं, नांगराचे फाळ त्यात घातले आणि बाहेर निघाला तो कशाच्याही कामाचा नसलेला लोखंडाचा गोळा. शेतात पीक उभंच राहिलं, कारण माणसं भट्टीवर होती. पुढच्या तीन वर्षांत दुष्काळाने कोट्यवधी माणसं गेली. हातात कोमट सुरी घेऊन मी उभी होते आणि मला त्या खेड्यातल्या बायकांच्या कढयाच आठवत राहिल्या. त्यांच्या स्वयंपाकघरातलं लोखंड भट्टीत गेलं, आणि त्याच वर्षी त्यांच्या सरकारने चांगलं पोलाद समुद्रापलीकडे उधळलं.

मला सगळ्यात विचित्र वाटतं ते त्यानंतरचं. माओंना किनमेन घ्यायचंच नव्हतं, निदान त्या ऑक्टोबरनंतर तरी नाही. चीनमधून हरून तैवानला आलेले राष्ट्राध्यक्ष च्यांग कै-शेक यांना अमेरिका सांगत होती की ही किनाऱ्यालगतची बेटं सोडा. माओंच्या लक्षात आलं की च्यांगनी किनमेन सोडलं तर तैवान मुख्य भूमीपासून सुटून वेगळा देशच होऊन बसेल. च्यांगनाही ते नको होतं, त्यांना अख्ख्या चीनवर परत राज्य करायचं होतं. म्हणजे दोघा वैऱ्यांचं या एका गोष्टीवर एकमत होतं की दावं तुटता कामा नये. किनमेन हे ते दावं. मग ठरलं की विषम तारखेला मारा करायचा आणि सम तारखेला नाही. हे जवळजवळ वीस वर्षं चाललं. पुढे पुढे गोळ्यांत बहुतेक पत्रकंच असायची, तरी गोळ्याचं कवच डोक्यावर पडलं की माणूस मरायचाच.

शुशुंनी त्यातले शेवटचे महिने पाहिले. संध्याकाळी जेवण लवकर उरकून बंकरमध्ये जायचं. एकतीस दिवसांचा महिना आला की जिवावर यायचं, कारण ३१ विषम आणि लगेच दुसऱ्या दिवशीची १ तारीखही विषम. १ जानेवारी १९७९ अशीच होती. ते सगळे बंकरमध्ये बसले होते आणि काही आलं नाही. वरिष्ठांनी विश्वास ठेवू नका म्हणून सांगितलं. ३ तारखेला परत बसले, ५ तारखेला परत. "किती दिवस?" मी विचारलं. "मी इथे होतो तोपर्यंत," ते म्हणाले. "विषम तारखेला संध्याकाळी माझं जेवण अजूनही लवकर होतं." मैत्रिणीने त्यांच्याकडे एकदम पाहिलं. घरात लवकर जेवायची पद्धत तिने जन्मापासून पाहिली होती, कारण आज पहिल्यांदा ऐकत होती.

इथल्या सामान्य माणसाचं आयुष्य त्या काळात कसं होतं, हे तैवानमध्येही फारसं कुणी सांगत नाही. तैवानमध्ये १९८७ला मार्शल लॉ उठला. किनमेनमध्ये लष्करी राजवट नोव्हेंबर १९९२पर्यंत राहिली. रात्री दिव्यावर काळं कापड. बेटापुरत्याच चालणाऱ्या नोटा. कुणी तरंगत पळून जाऊ नये म्हणून चेंडू नि टायरच्या ट्यूबांवरही नजर. एके काळी लाखभर शिपाई होते, आता काही हजार. जमिनीतले सुरुंग काढून संपायला २०१३ उजाडलं.

ज्वारीही त्याच काळातली. फौजेला दारू हवी आणि ती बोटीने आणावी लागे. सेनापती हू ल्येन यांनी योजना काढली, एक किलो ज्वारी द्या नि एक किलो तांदूळ न्या. कोरड्या, वाळूच्या जमिनीत भाताची आशाच नव्हती. ज्वारी येते हे कुणबी डोक्याच्या माणसाला लगेच कळेल. तिच्यापासून १९५२पासून सरकारी कारखान्यात ५८ टक्क्यांची कडक दारू होते. आज त्या दारूच्या नफ्यावर इथल्या म्हाताऱ्यांच्या आणि शाळकरी पोरांच्या सवलती चालतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओहोटीला गुनिंगतौच्या किनाऱ्यावर गेलो. ऑक्टोबर १९४९मध्ये चीनची सेना इथे उतरली, नऊ हजारांच्या आसपास माणसं, रात्रीच्या भरतीत, मासेमारीच्या लाकडी होड्यांतून. होड्या परत जाऊन दुसरी फळी आणणार होत्या. पण ओहोटी लागली आणि होड्या चिखलात रुतल्या. तीन दिवसांत सगळे मारले गेले किंवा पकडले गेले. जवळच्या बेइशान गावात त्या लढाईतलं एक जुनं दुमजली घर गोळ्यांच्या भोकांसकट तसंच ठेवलं आहे. त्या तीन दिवसांनी तैवान वाचलं, असं शाळेत शिकवतात. मी मात्र चिखलात उभी राहून त्या होडीवाल्या कोळ्यांचा विचार करत होते. भरती-ओहोटी त्यांच्या बोटांवर असणार. त्यांना कुणी विचारलं होतं का?

किनाऱ्यावर रुळाचे तिरपे सुळके रोवलेले आहेत, शत्रूच्या होड्या फाटाव्यात म्हणून. रांगाच रांगा, गंजून काळ्या पडलेल्या. त्यांच्या मधोमध कालवांच्या दगडी पट्ट्या उभ्या आहेत. एक सत्तरीची बाई वाकून दगडांवरची कालवं खरवडत होती. डोक्याला फुलाफुलांचा कपडा गुंडाळलेला, पाठीशी टोपली. सुळक्याला टेकून तिने पाण्याची बाटली ठेवली होती. शुशुंशी ती होक्येन भाषेत बोलली, तीच भाषा समोर श्यामेनमध्येही बोलतात. तेवढ्यात माझ्या मोबाइलवर संदेश आला, चीनमध्ये आपलं स्वागत आहे. समोरचा टॉवर जवळचा असल्याने फोन परस्परच पलीकडे गेला होता. मी बाईंना दाखवला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पलीकडच्यांना आमचा येतो."

आता पाण्याची गोष्ट. आम्ही उतरलो होतो ते लाल विटांचं जुनं घर, छपराची टोकं भिंगरी पक्ष्याच्या शेपटीसारखी वर गेलेली. मालकीणबाई साठीच्या. संध्याकाळी जेवताना मी सहज नळाचं पाणी कसं आहे विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आता चांगलं आहे. चीनचं आहे ना."

५ ऑगस्ट २०१८पासून किनमेनला फुज्यानमधल्या जिनज्यांगहून पाणी येतं. समुद्राच्या तळाशी सोळा किलोमीटरची जलवाहिनी टाकली आहे. करार तीस वर्षांचा. त्या वेळी तैपेईतल्या सरकारने समारंभ पुढे ढकला असं सांगितलं होतं, कारण चीन तेव्हा जगात तैवानची कोंडी करत होता. किनमेनच्या लोकांनी समारंभ केलाच. पाऊस कमी, तळी उथळ, विहिरींचं पाणी मचूळ. "तुला नाही कळायचं," मालकीणबाई म्हणाल्या.

मला? मी सांगितलं त्यांना. २०१६च्या एप्रिलमध्ये आमच्या शहराला रेल्वेने पाणी आलं होतं, मिरजेहून, तीनशे चाळीस किलोमीटरवरून. त्याच्या आदल्या महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, घागरींवरून डोकी फुटू नयेत म्हणून. आईने भांडी घासायला राख घेतली होती, आणि अंघोळीचं पाणी परातीत धरून संडासात टाकायचो. पहिल्या गाडीला हार घातले होते लोकांनी. पाणी कुणाच्या धरणातलं, कुठल्या जिल्ह्यातलं, कुणाचं राजकारण, हे विचारायची आमची अवस्थाच नव्हती. मालकीणबाईंनी माझ्या ताटात आणखी एक कालवाचा पोळा वाढला.

माझी मैत्रीण मात्र गप्प बसली नाही. ती तिशीची, तैपेईत वाढलेली. २०१४मध्ये चीनशी होणाऱ्या सेवा-व्यापार कराराविरुद्ध विद्यार्थ्यांनी संसद ताब्यात घेतली, तेव्हा ती बाहेर रस्त्यावर झोपली होती. "आणि त्यांनी कॉक बंद केला तर?" ती म्हणाली. "अननसाचं काय केलं आठवतंय ना? १ मार्च २०२१ला बंद. पुढच्या वर्षी हामूर मासे बंद. आधी सवय लावायची, मग हात आखडायचा."

"तू अननस कमी खाऊ शकतेस," मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या. "मी पाण्याचं काय करू?"

शुशुंनी दोघींना कालवं वाढली. मला दोघींचंही पटत होतं, आणि अजूनही पटतं. चीनचं हे धोरण वेडगळ नाही, अतिशय विचारपूर्वक आखलेलं आहे. श्यामेन १९८०मध्ये पहिल्या चार विशेष आर्थिक क्षेत्रांपैकी एक झालं, ते तैवानचं भांडवल खेचायलाच. १९८५मध्ये तिथे उपमहापौर म्हणून एक तरुण अधिकारी आला, शी जिनपिंग. ते फुज्यानमध्ये सतरा वर्षं राहिले. जानेवारी २००१मध्ये किनमेन-श्यामेन बोटी सुरू झाल्या, तेव्हा ते त्या प्रांताचे गव्हर्नर होते. तैवानचे उद्योजक कसा विचार करतात, किनमेनला काय टोचतं, हे बीजिंगमध्ये त्यांच्याइतकं जवळून कुणी पाहिलं नसेल. सप्टेंबर २०२३मध्ये चीनने फुज्यान-तैवान एकात्मिक विकासाची योजना जाहीर केली. त्यात किनमेन आणि श्यामेन यांचं एकच शहर असल्यासारखं जगणं व्हावं, असं म्हटलं आहे. पूल, वीज, गॅस असं पुष्कळ काही देऊ केलं आहे. एका हाताने हे, आणि दुसऱ्या हाताने तटरक्षक दलाच्या बोटी. देणारा आणि धमकावणारा एकच असला की घेणाऱ्याला मोकळेपणी 'हो'ही म्हणता येत नाही आणि 'नको'ही. मला राग येतो तो याचा.

त्या बोटींचं प्रकरणही इथलंच. १४ फेब्रुवारी २०२४ला किनमेनच्या हद्दीत शिरलेल्या चिनी स्पीडबोटीचा तैवानच्या तटरक्षकांनी पाठलाग केला, ती उलटली आणि चौघांतले दोघे मेले. पाच दिवसांनी चिनी तटरक्षक किनमेनच्या पर्यटक बोटीवर चढले, कागद तपासले. आतल्या बायका रडत होत्या, असं मालकीणबाईंनी सांगितलं. मेलेल्यांचे देह घरी परतायला जुलैचा शेवट उजाडला. तेव्हापासून चिनी गस्ती बोटी महिन्यातून काही वेळा मनाई असलेल्या पाण्यात येतात, तास-दोन तास फिरतात आणि जातात.

मालकीणबाईंची मुलगी श्यामेनला दिलेली आहे. फेब्रुवारी २०२०मध्ये कोविडमुळे बोटी बंद झाल्या, त्या जानेवारी २०२३पर्यंत. अर्ध्या तासाचा प्रवास. तीन वर्षं भेट नाही. नातवंड त्याच काळात झालं. संध्याकाळी बाई किनाऱ्यावर जायच्या आणि मुलगी पलीकडच्या किनाऱ्यावर यायची, दोघी फोनवर बोलायच्या. "दिसायची का?" मैत्रिणीने विचारलं. आता तिचा आवाज वेगळा होता. "इमारती दिसायच्या," बाई म्हणाल्या.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं, तुम्ही ज्वारीची भाकरी करत नाही का? त्यांना कळेचना. ज्वारी दारूला आणि बैलांना. मग मीच हट्ट धरला. त्यांनी शेजारच्या शेतावरून दोन वाट्या ज्वारी आणली, शेंगदाण्याची वडी करायला कूट दळतात त्या यंत्रावर आम्ही ती दळली, दोनदा चाळली. पीठ तांबूस आणि जरा भरडच आलं. नळाचं पाणी उकळून उकड काढली. परात नव्हती, स्टीलच्या मोठ्या थाळ्यात मळलं. शुशुंनी माझ्या नव्या सुरीने कांदा चिरला, शिपाई चिरतो तसा जाडाजुडा. पहिली भाकरी कडेला फाटली. दुसरी बरी झाली, तव्यावर पाणी फिरवून उलटली आणि जाळावर धरली तेव्हा चक्क फुगली.

मालकीणबाईंनी लगेच फोन लावला. पडद्यावर मुलगी आली, मांडीवर पोर. बाईंनी फोन भाकरीसमोर धरला, पोराने बोट पुढे केलं. मुलगी पलीकडून विचारत होती, हे काय आहे, कडू लागतं का, मऊ असतं का. बाईंनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाल्या, "शनिवारी सकाळच्या बोटीने ये. ही आज रात्री मला शिकवून जाणार आहे."